मधल्या रांगेतला

डावीकडच्या रांगेत देखणे उभे राहतात,
बाकांवरून तेच आधी दिसतात.
उजवीकडे बरे, निभावून नेणारे.
आणि मध्ये आम्ही पाच,
ज्यांचा डावा पाय उजव्याला विचारून पडतो.
मी लाख्रेस, कातडी कमावणारा,
वृंदात मधल्या रांगेत तिसरा.
अंगाचा वास जात नाही, हेही कारण असेल.

सगळा हिवाळा तालमीत गेला.
तेलाचा व्यापारी आरिग्नोतोस खर्च सोसत होता,
रोज वाम मासा, घशाला मध,
आणि मासा कितीला पडला तेही रोज सांगायचा.

मुखवटे करायला स्मिक्रोन.
म्हणाला, घरून जुनेर आणा,
धुऊन धुऊन जीव गेलेलं.
नवं कापड गालावर बसत नाही, ताठ राहतं.
मी आईचं नेलं.
जैतून झोडायच्या दिवसांत ती गेली होती.
जवसाच्या सुताचं वस्त्र,
खांद्यापाशी टाचणीची दोन भोकं.
स्मिक्रोनने थरावर थर दिले, मधून सरस,
सरस माझ्याच कढईतला, बैलाच्या कातड्याचा.
वर पांढरा रंग, कारण यंदा आम्ही बायका होतो,
जळलेल्या शहरातून दोराला बांधून आणलेल्या.
तोंडाची फट कापताना त्याचं पातं थांबलं.
"इतकीच पुरे. मोठी केली तर किंचाळी दिसते,
आणि किंचाळी शेवटच्या बाकापर्यंत टिकत नाही."

रात्री शेकोटीपाशी जोडपाव्याची जिभली ओली करत
थीब्जचा ओनासिमोस सांगायचा:
आधी यातलं काही नव्हतं. बाकं नव्हती, बक्षीस नव्हतं.
एक खळं, मळणी झालेलं,
भोवती फेर, मध्ये बोकड,
तोंडाला द्राक्षाचा गाळ फासलेला.
देवाला हाक मारायची ती सगळ्यांनी, एका गळ्यात.
मग कुठल्याशा गावात (जो तो आपलंच नाव घेतो)
एक दोर वळणारा फेर सोडून पाऊलभर पुढे आला
आणि म्हणाला, "मी राजा."
सगळ्यांना ठाऊक, याच्याकडे धड चप्पल नाही.
तरी कुणी हसलं नाही.
फेराने विचारलं, "राजा, तुझा मुलगा कुठाय?"
ओनासिमोस म्हणे, त्या "मी राजा"तून काही झालं नाही रे,
झालं ते या विचारण्यातून.

पहाटे गडाच्या दक्षिण उतारावर बाकं भरली.
लोकांनी चणे आणले होते, उशा आणल्या होत्या.
दूत आला, म्हणाला, राजपुत्र पडला.
आता आम्ही छाती पिटायची,
डावीकडे तीन पावलं, वळण, उजवीकडे तीन.

आईला ठेवलं होतं तेव्हा मी दाराशी उभा होतो,
उजवा हात वर, पुरुषाने करायचा तसा.
केस मोकळे सोडून तिच्या डोक्याशी बायका.
रडणं त्यांच्याकडे होतं.

आणि आता माझ्या तोंडावर तीच,
श्वासाने भिजलेली,
सरस मऊ होऊन कातड्याचा वास सुटलेला,
त्याच्या खालून आणखी एक, रानओव्याचा.
वळण आलं. मी वळलो नाही.
चौदा बायका उजवीकडे गेल्या, एक उभी राहिली.
मी जे ओरडलो ते कवीने लिहिलेलं नव्हतं.
मागच्याने पाठीत कोपर मारलं.
ओनासिमोसने मात्र तो सूर सोडला नाही,
मी रांग गाठेपर्यंत
धरून ठेवला, गाल फाटतील इतका.

मधली रांग. कुणाला दिसलं नसेल.
आमचा नंबर तिसरा. तिघांत.
आरिग्नोतोसने माशांचा हिशेब पुन्हा काढला.

मुखवटे देवळात खुंटीला टांगायचे, अशी रीत.
टांगण्याआधी मी आतून बोटं फिरवली,
ती दोन भोकं शोधली.
एक कानामागे सापडलं. दुसरं नाही.

बाहेर स्मिक्रोन थांबला होता.
पुढच्या साली म्हातारे करायचेत, म्हणाला,
सुरकुत्या बारीक लागतील, सरस जरा पातळ दे.
मागची उधारी त्याने काढली नाही.
मीही नाही.