आकृती ७.३

राजारामपुरी आठवी गल्ली. खाली बॅटरीचं दुकान,
वर मी, अश्पाक आणि मगदूम सरांची भूमिती.
दोनशे बारा पानं लाटेकात गुमान बसली:
समीकरणं मधोमध, क्रमांक कडेला.
आकृत्या तेवढ्या राहिल्या. एकशे चाळीस.

आधी इंकस्केप. माउसनं वर्तुळ ओढलं,
त्याला रेघ टेकवली. छान दिसत होती.
सरांनी खिशातून भिंग काढलं.
"सुतारबाई, ही स्पर्शिका नव्हे, छेदिका झाली.
केसभर आत गेलीय.
आणि हा आकृतीतला प बघा, हा ओळीतला प.
दोन घरची पोरं."

मग अश्पाकनं जिओजिब्रा आणलं.
शिरोबिंदू धरून ओढला की
लंब, मध्यगा, परिवर्तुळ, सगळी वरात मागं.
"नाद खुळा, मॅडम!"
खुळाच. पण छापल्यावर हलायचं कुठं?
कागदाला थांबलेलं लागतं,
आणि थांबवलं तर रेघा जाड, अक्षरं परकी.

म्हणून टिक्झ. त्यात चित्रच नाही,
नुसती बोलणी: इथून नीघ, तिथं जा, तिथं नाव लिही.
एक अर्धविराम विसरले
तर अख्खं पुस्तक रुसतं त्रेसष्टाव्या पानावर.
पहिल्या त्रिकोणाला रात्रीचे अडीच तास.
आई म्हणाली, एवढ्यात सरांनी हातानं चाळीस काढले असते.
खरंय.

आबा उद्यमनगरात पॅटर्न करायचे,
फाउंड्रीसाठी, सागवानाचे.
त्यांची पितळी पट्टी माझ्या ड्रॉवरात आहे. खोटी पट्टी.
फुटामागं एक सूत जास्त,
कारण बीड थंड होताना आक्रसतं.
चौथीत मी तिनंच चौकोन आखून नेला
आणि छडी खाल्ली.
आबा हसले: "ती पट्टी वहीसाठी न्हाई गं,
अजून न ओतलेल्या लोखंडासाठी हाय."

आकृती रकान्यात बसवायला निम्मी केली
तर माउसच्या चित्रात अक्षरंही निम्मी, मुंग्यांएवढी.
टिक्झमध्ये ठिपके जवळ येतात,
अक्षरं आपापल्या उंचीवर उभी.
काय आक्रसू द्यायचं, काय नाही,
आधीच सांगून ठेवता येतं.
एवढ्यावर ठरलं.

फक्त ७.३ अडली.
प्रमेय म्हणतं: कोणताही बंद वक्र, स्वतःला न छेदणारा.
टिक्झ विचारतं: कोणता?
वर्तुळ दिलं तर पोरांना वाटतं, वर्तुळाचीच गोष्ट आहे.
दोन दिवस सर गप्प. तिसऱ्या दिवशी फोन:
"रंकाळा घ्या. कुणाला ओळखू येत नाही."

नकाशावर काठाचे एकोणीस ठिपके टिपले.
लिहिलं: यांतून वळत जा, शेवटी पहिल्याला मिळ.
आत प, संध्यामठाजवळ.
बाहेर फ, भेळेच्या गाड्यांपाशी.
दोन्ही अक्षरं ओळीतल्यांच्याच घरची.

अश्पाकनं प्रूफ वाचलं, बोट ठेवून:
प पासून फ पर्यंत कसंही जा, वक्र ओलांडावाच लागतो.
"म्हंजे," तो म्हणाला,
"पाय भिजल्याबिगर न्हाई."