जात : अनिश्चित

मालवणच्या खडकावरचे तीन तुकडे,
प्रयोगशाळेच्या शिक्क्यासकट,
अर्जुनीच्या एसटीत मांडीवर धरून आणले
आणि शेवंताआत्याच्या ओट्यावर मांडले.

"हाडं होय का वं?"
हाडं नाहीत, पोवळं. घर आहे ते,
बारीक बारीक जिवांचं.
"मंग रिकामं काऊन?"

मी तिला भिंग दिलं.
जाळं विणून विणून अधू झालेला डोळा
तिनं तुकड्याच्या एकेका पेल्यात घातला,
गप्प बसली, मग दुसरा तुकडा उचलला.
"ह्यायच्या दोघायत भित एकच हाय.
अन् ह्यायची ज्याची त्याची अलग."

मला हे दिसायला दोन वर्षं लागली होती.
दोन वर्षं दोघींना मी एकाच रकान्यात मोजलं.
मे महिन्यात पाणी तापलं, पांढरं पडत गेलं सगळं,
आणि माझ्या तक्त्यानं सांगितलं : निम्मी जगली.
निम्मी नव्हती जगली.
एक अख्खी संपली होती
दुसरीच्या नावाआड.

आत्यानं तलावाकडे हनुवटी उडवली.
ठेका झाला त्या सालीही असंच.
सायबाच्या वहीत एकच शब्द, मासोळी,
आणि पुढे किलो.
गाद उपटली, चिला उपटला, देवधान गेलं,
बाहेरचं बीज सोडलं.
दाडक कधी दिसेनासा झाला
ते वहीला कळलंच नाही.
वजन तर वाढलं होतं.

शाळेत मास्तर दाखल्यासाठी उभं करायचे,
भर वर्गात जात विचारायचे.
मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायचे.
आता जात विचारण्याचाच पगार घेते,
म्हटलं आत्याला, हसत हसतच,
पण घसा आवळला.

ती शिंगराचे काटे मोडत होती.
"तुह्या मास्तरानं भिंग कोठं लावलं होतं?"

तिसऱ्या तुकड्याची चिठ्ठी तशीच होती.
ठिकाण, खोली, तारीख.
जात : अनिश्चित.
मोठ्या मॅडमनाही लागली नव्हती,
म्हणून फोटो बाहेर पाठवलेत, उत्तर नाही.

"तिथं मरळ हाय का?"
नाही.
"बोटरी?"
नाही गं, समुद्र आहे तो.
तिला समुद्राची जराशी कीवच आली.

मग हात पदराला पुसून
तिनं तो तुकडा कोनाड्यात ठेवला,
मिठाच्या बरणीशेजारी.
"राहू दे इथं. रोज पाहीन.
मंग सांगीन."