कूस

विट्यात रात्री साडेअकराला
लाइट आहे तोवर गणित चालू ठेवते.
संगणकाचा पंखा घरघरतो,
एक बाजू उघडीच ठेवलीय, तापतो म्हणून.

तात्यांना झोप नाही.
तीस वर्षं सेलमला गलाई केली,
सराफकट्ट्यावरची माती आणून आटवली,
मातीतलं सोनं परत सोनं केलं.
छातीत ॲसिडचा खोकला तेवढा स्वतःचा राहिला.
स्टूल ओढून बसतात.
"काय बघतीस?"

नळी, तात्या. कार्बनची.
केसाचा लाखावा भाग रुंद.
तुमची मूस ज्याची असायची तेच ग्राफाइट,
त्याचा एकच पापुद्रा घेऊन केलेली सुरळी.
आत पाणी आहे.

मूस म्हटल्यावर चष्मा पुसतात.
"मुशीला सोनं चिकटत नाय, म्हणून तर ती मूस.
पाणी चिकटतंय?"
नाही.
"मग आत शिरतंय कशाला?"

माझी दोन वर्षं ह्याच प्रश्नात गेली.
कोल्हापूरला सरांनी तो इंग्रजीत विचारला होता,
तेव्हा इतका अवघड वाटला नव्हता.

पडद्यावर आठ रेणू.
एकामागं एक, दुसऱ्याला जागाच नाही.
पाण्याला दोन टोकं असतात, मी सांगते,
एकीकडे थोडं ऋण, एकीकडे थोडं धन,
म्हणून प्रत्येकाला तोंड असतं, पाठ असते.
बाहेर, तांब्यात, ते कुठंही तोंड करून असतात,
चारी बाजूंनी धरलेले, सोडलेले, पुन्हा धरलेले.
इथं आत फक्त पुढचा आणि मागचा.
एक हात पुढच्याला दिलेला,
दुसरा रिकामाच, भिंतीकडे,
आणि भिंत काही तो घेत नाही.
सगळ्यांची तोंडं एकीकडे.

तात्या बघत राहतात.
मग, दोनेक नॅनोसेकंदांनी,
म्हणजे आमच्या घड्याळात चहा उतू जाईस्तोवर,
एका टोकाचा अडखळतो,
त्याची चूक शेजारच्याकडे जाते,
त्याच्याकडून पुढच्याकडे,
चूक नळीभर चालत जाते
आणि तिच्यामागं सगळी रांग उलटी.

"वळले," तात्या म्हणतात.
हो.
"कुणाची तरी कूस दुखली असंल."

मी हसले. ते नाही हसले.

सेलमला दुकानावर माळा होता.
आठ जण. लेंगऱ्याचा जालिंदर, पाऱ्याचे दोघे भाऊ,
बलवडीचा शिदू, ज्याला मिसरूडही नव्हतं,
बाकीच्यांची नावं त्यांना आठवत होती, मला राहिली नाहीत.
उताणं झोपायला जागा नाही,
सगळ्यांनी डाव्या कुशीवर,
एक हात पुढच्याच्या खांद्यावर,
एक आपल्याच उशाला.
रात्री कधीतरी कडेचा शिदू वळायचा.
कुणी कुणाला हाक मारायचं नाही.
झोपेतच एकेक करून आठही वळायचे,
सकाळी कुणालाच आठवायचं नाही
सुरुवात कुणी केली.
"मधल्यानं एकट्यानं वळायचं म्हटलं तर जमायचं नाय.
कडेनंच सुरू व्हायला लागतं."

मी आकडे काढून बघितले.
एकशे सतरा वेळा रांग उलटली होती,
एकशे सतराही वेळा टोकापासून.
चौथ्या प्रकरणात ते लिहिलं, आलेखासकट.
संदर्भसूचीत माळा कसा लिहितात
ते मी कुणाला विचारलं नाही.

"आणि आत का शिरतंय, ते राहिलंच," तात्या उठताना म्हणाले.
मी ऊर्जेचं सांगायला लागले, मोकळेपणाचं,
हिशेब काठावरचा असतो, जरा इकडं तिकडं झालं
तर नळी रिकामीही राहते, असं.
"आमचं बी तसंच," ते म्हणाले, आणि गेले.

नळीतून बाहेर पडलेलं पाणी
आपलं तोंड कुठं होतं ते
पिकोसेकंदात विसरतं. हे नक्की, मोजलेलं आहे.

पावणेएकला लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात बघितलं,
डबल बेडच्या अगदी भिंतीकडच्या कडेला
तात्या डाव्या कुशीवर,
एक हात उशाला,
दुसरा पुढं, चादरीवर,
खांद्याएवढ्या उंचीवर.