पहिली मुफ्लेता

आठ दिवस घरात पिठाचा कण नव्हता.
आईने कोनाडे पिसाने झाडले होते,
माझ्या झग्याचे खिसेसुद्धा उलटे करून पाहिले होते.
बेखमीर भाकर चावून चावून
दातांना वीट आला होता.

वल्हांडण सरलं हे सफ्रूत आम्हाला
चांदण्यांआधी दारावरच्या थापेने कळायचं.
भिंतीपलीकडच्या गल्लीतून लल्ला तामू यायची,
परातीत पीठ, पिठावर खमिराचा गोळा,
काखेत हिरव्या गव्हाच्या ओंब्या.
"घ्या," म्हणायची, "तुमच्या देवाने सोडलं का तुम्हाला?"
आई हसायची.
दरवर्षी तेच विचारणं, तेच हसणं.

त्या वर्षी मखलूफच्या घरून ताट यायचं होतं.
मिमूनाच्या रात्री ठरलेल्या मुलीला
सासरचं ताट येतं:
खजूर, बदामाची मिठाई, रेशमी ओढणी,
ऐपत असली तर सोन्याचं कंकण.
मखलूफचा बाप सपाता शिवायचा.
कंकण येणार नाही, ठाऊक होतं.
तरी मी मनगट घासून धुतलं.

टेबलावर वाडग्यात जिवंत मासा गोल फिरत होता.
पिठात रोवलेली पाच नाणी,
लोणी, ताक, मध.
दारं सताड उघडी, जो येईल तो म्हणणार,
भरभराट होवो, नशीब उघडो.

ताट आलं नाही.
आला मखलूफचा धाकटा भाऊ अम्राम,
उंबऱ्याला टाच घासत म्हणाला,
"तो काल रात्री कॅसाब्लांकाच्या बसमध्ये बसला.
तिथून बोट."

आईने मान वर केली नाही.
तेलाच्या हाताने उंडा थापत थापत
पलीकडचं दिसेल इतका पातळ केला.
"बघ," म्हणाली,
"पहिली एकटीच भाजते.
दोन्ही अंगांना चटका तिलाच.
दुसरी कच्चीच तिच्या पाठीवर टाकायची,
मग दोघींना मिळून उलटायचं.
मग तिसरी.
नवी तव्याला टेकते,
आणि जुन्या तिला वरून ऊब देतात."

मी थापत राहिले. तीस झाल्या.
चवड आतून वाफाळत होती.
अम्रामने सात खाल्ल्या,
मधाने माखलेल्या तोंडाने, रडत रडत,
जणू त्यालाच कुणी टाकून गेलं होतं.

चार वर्षांनी पेला फुटला
तो त्याच्याच टाचेखाली.
रब्बी सात आशीर्वाद म्हणत होते
आणि मी मेंदीच्या बोटांवर मोजताना
हसू दाबत होते.

आता माँट्रियालमध्ये पीठ दुकानात मिळतं.
कोपऱ्यावरचा कोरियन पोरगा रात्री अकरापर्यंत उघडा असतो.
वल्हांडण सरलं की अम्राम कोट चढवतो,
तीन जिने उतरतो, चढतो,
मध्ये दोनदा थांबतो, मला ऐकू येतं.

दार उघडंच असतं.
तो ते बाहेरून ओढून घेतो
आणि थाप मारतो.
काखेत ओंब्या नसतात, कांद्याची पात असते.
"घ्या," म्हणतो धापा टाकत,
"तुमच्या देवाने सोडलं का तुम्हाला?"