दोन वाव आत

मुरोसच्या धक्क्यावर ओहोटी. साबेला
जुन्या दोराच्या टोकाला नव्याचं टोक शिवतेय,
मेणदोऱ्याने, गाठ न मारता;
गाठ कप्पीतून जात नाही.
"बारा टाके घाल," उशीओ म्हणतो.
ती नऊ घालते.

मग ओढ.
जुना डोलकाठीच्या पोटातून खरखरत
मीठ झाडत खाली येतो,
नवा, निळ्या ठिपक्यांचा, बाहेरून वर चढतो
आणि कप्पीपाशी अडतो.
आता शिवण तुटली तर
कुणाला तरी पंधरा मीटर वर जावं लागेल,
आणि बापाचे गुडघे तर असे.
ती थोडं सोडते. झटका न देता पुन्हा ओढते.
सुटतं.

शेवटचा चार वाव दोर म्हातारा स्वतः गुंडाळतो.
आयुष्यभर सांगत आलाय :
या होडीने शीड कधी आवरलं नाही,
वारा कसलाही असो.
पण पुऱ्या शिडाच्या जागी दोर जवळपास कोरा.
झिजलाय तो टोकापासून दोन वाव आत,
दोनदा दुमडलेलं शीड जिथे पेलतात तिथे;
गाभा दिसतोय, पांढरा.

उशीओ त्यावर अंगठा ठेवतो.

साबेला नव्याचं टोक लायटरवर वितळवते,
वर न बघता विचारते,
कपडे वाळत घालायला
केवढा ठेवू?