लांब फुंका

डेपोच्या फाटकाशी ट्यूबलाइटखाली माझं टेबल.
वही, मशीन,
आणि पुडक्यात पांढऱ्या नळ्या, माणशी एक.
पहाटे चारपासून माझी भाषा दोन शब्दांची:
लांब फुंका.

अख्खी पाळी माझ्या हातात श्वास सोडून जाते.
तांडेलच्या श्वासाला सुक्या बोंबलाचा वास,
मुकादमच्या वेलचीचा,
त्याला अजून वाटतं मशीनला नाक असतं.
घोसाळकर फुंकताना डोळे मिटतो,
केकवरच्या मेणबत्तीसमोर मिटावेत तसे.
शून्य. शून्य. शून्य.
शून्यं काढून काढून
माझं अक्षरच गोल झालंय.

आमच्या घरातलं पहिलं मशीन म्हणजे आईचं नाक.
बाबा सिमेंटचा ट्रक वडाळ्याला लावून यायचे,
ती दारात, हातात पाण्याचा तांब्या.
तांब्या देताना किंचित पुढे वाकायची.
आकडा तिने कधी सांगितला नाही.
ताटात भाकरी अलगद यायची
नाहीतर आपटून.
त्यावरून आम्ही भावंडं ठरवायचो,
अभ्यासाला बसायचं
की झोपेचं सोंग घ्यायचं.

आज खुटवड.
एकोणीस वर्षं साकीनाक्याची पहिली गाडी.
मशीन किंचाळलं. चौतीस.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जसं काही दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं.
‘रात्री चाळीतल्या दोस्ताला पोचवून आलो.
पोरांनी ओतली. नाही म्हणवेना.
दोन तास झोपलोय की मी, मंडळाच्या खोलीत.’

नियम आहे: चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा फुंका.
त्याने पाच चुळा भरल्या.
नळ बंद केला, परत उघडला, सहावी भरली.
बाहेर त्याचा कंडक्टर
रिकाम्या गाडीत दिवे लावून बसलेला.
आम्ही दोघं घड्याळाकडे न बघता
फक्त घड्याळच बघत होतो.

मला वाटलं, नळी जरा तिरकी धरावी.
बोटभर.
कोण बघतंय?
मग ती पोरं आठवली, सहा वाजून पाचला
साकीनाक्याला चढणारी,
टायने गळे आवळलेली, पेंगणारी,
ड्रायव्हरकडे एकदाही न बघता आत सरकणारी.

लांब फुंका, म्हटलं.
एकतीस.

‘लिहा,’ तोच म्हणाला.
तीनचं पोट मला नीट काढता आलं नाही.

निलंबन किती दिवसांचं, त्याने विचारलं नाही.
पिशवीतून डबा काढला.
‘हा भरलेला घरी कसा नेऊ?
पहाटे दारातूनच घेतला, तोंड फिरवून.
तिला वाटलं, रडतोय.
वासाचं जाऊ दे,
ती डबा उघडून बघते.’

आणि बाकावर बसून
पाच वाजून चाळीस मिनिटांनी
तो दुपारचं जेवू लागला.
चार चपात्या, पावट्याची उसळ,
कोपऱ्यात लिंबाचं लोणचं, रस झाकणाला लागलेला.
एक एक घास, काम केल्यासारखा.

बदली ड्रायव्हर आला. गाडी सुटली.
खुटवडचा हात तोंडापाशी थांबला.
कान देऊन ऐकलं त्याने फाटकापर्यंत.
‘दुसरा घाईत टाकतो हा,’ म्हणाला,
‘चढावर ओरडणार गाडी.’

मग डबा माझ्याकडे सरकवला.
‘संपत नाहीये. घ्या ना.’

वहीत याला रकाना नाही.
मी एक चपाती घेतली, उसळ पुसून पुसून खाल्ली,
तळाचं लोणचंही.
डबा त्याने नळाखाली धुतला,
उलटा धरून निथळला,
आणि दोन वाजेपर्यंत कुठे बसावं
याचा विचार करत फाटकाबाहेर उभा राहिला.

पुढचा आला. नवीन पोरगा, बिल्ला अजून चकचकीत.
मी नळी बसवली.
लांब फुंका, म्हणालो,
आणि माझ्याच तोंडचा लसणीचा वास
माझ्याकडे परत आला.