सात मिनिटं

अहवालात लिहिलंय : दोन चाळीस, पहिला इशारा.
खरं तर तो त्या रात्रीचा चारशे अकरावा.
आधीचे चारशे दहा खोटे निघाले होते,
आणि खोट्याला सरावलेला अन्सेल्मोचा अंगठा
यालाही 'पाहिलं' म्हणून मोकळा झाला.
त्यात त्याचा दोष किती, मला ठरवता येत नाही.
माझाही अंगठा तसाच आहे.

वाल्दिविया. नदीकाठचं इस्पितळ. जुलैचा गारठा.
पडद्यावरून एकेक विभाग मालवत गेला,
क्ष-किरण, रक्तपेढी, मग बाळंतिणींच्या नोंदी.
वरच्या मजल्यावर नर्सेस हाताने लिहू लागल्या,
कुणाच्या तरी कपाटातून कार्बन पेपर निघाला.

तळघरात आम्ही पाच जण.
दोघं तिसऱ्या रात्रीचे जागे,
एकाच्या घरी तापाने फणफणलेली मुलगी,
एक यास्ना क्विलोद्रान, नोकरी सहा आठवड्यांची,
आणि मी, जिच्या खुर्चीमागे येऊन संचालक
दर दहा मिनिटांनी विचारत : अजून किती वेळ?

तीन दहाला यास्ना म्हणाली,
"या सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे."
इतक्या हळू, की वाक्य टेबलाच्या कडेपर्यंत आलं
आणि तिथेच बसून राहिलं.
अन्सेल्मो मोठ्याने बोलत होता.
मोठ्याने बोलणारा बरोबर असतो
असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं;
आम्ही शिकलो होतो.

दीड तास चोर भलत्याच दाराशी शोधला.

पावणेपाचला, का कोण जाणे,
मी फोन उपडा ठेवला,
संचालकांना म्हटलं, "जरा बाहेर थांबा,"
आणि विचारलं : मघाशी कुणी काही म्हणालं होतं का,
जे आपण ऐकलं नाही?

पंखे घरघरत राहिले.
अन्सेल्मोनेच बोट केलं. "ही."

म्हणजे त्याने ऐकलं होतं.

सात मिनिटं पुढे सरकवली तशा
सगळ्या नोंदी आपापल्या जागी जाऊन बसल्या,
आणि दार सापडलं : औषधभांडाराचा जुना पासवर्ड,
निवृत्त झालेल्या कुणाचातरी.

सहाला बाजाराच्या धक्क्यावर समुद्रसिंह ओरडू लागले.
सकाळची पाळी आली, ओले कोट, गरम पाव.
अहवालात 'मूळ कारण' या रकान्यात
एकाच ओळीची जागा आहे. मी पासवर्ड लिहिला.
जे खरं तर लिहायचं होतं
त्याला रकाना नाही.

वही न देता मी सगळ्यांना बसवलं,
म्हटलं, आज आधी यास्ना सांगेल.
ती सुरू झाली, पुन्हा तशीच, ओठांतल्या ओठांत.

"मोठ्याने," अन्सेल्मो म्हणाला,
अगदी हळू.